विंडोज अपडेटनंतर उबुंटूचा मेनू गेला आणि आता बिटलॉकर की मागतोय: फॉरमॅट न मारता काय करता येईल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दोन वर्षांच्या लॅपटॉपवर एकाच एसएसडीत विंडोज ११ आणि उबुंटू २२.०४ आहे. विंडोजचं मोठं अपडेट झालं आणि तेव्हापासून निवडीचा मेनू येईना, मशीन थेट विंडोजमध्ये जायला लागलं. मित्राच्या सांगण्यावरून बायोसमध्ये जाऊन सेक्युअर बूट (ओळखीची सही नसलेला बूट प्रोग्रॅम चालू न देणारी सोय) बंद केलं, तर निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची (विंडोजची डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की मागायला लागलं. म्हणजे आता विंडोजही नाही आणि उबुंटूही नाही. जवळच्या दुकानात ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणाले. चार महिन्यांचं प्रोजेक्ट उबुंटूत आहे आणि पुढच्या आठवड्यात व्हायवा आहे.

फॉरमॅट मारू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यात प्रोजेक्ट उडाल्याची एकही खूण मला दिसत नाही. मेनू जाणं आणि की मागणं या दोन्ही गोष्टी मशीन तुमच्या फायलींपर्यंत पोचायच्या आधीच घडतात. सांगलीत दुरुस्तीच्या धंद्यात मला २२ वर्षं झाली. दोन सिस्टिमच्या ज्या मशीनमधला डेटा खरोखर गेलेला मी पाहिलाय, त्यातल्या बहुतेकांत मूळ बिघाड किरकोळ होता आणि डेटा गेला तो नंतरच्या उपायांत. कुणी घाईत पार्टिशन उडवलं, कुणी परत इन्स्टॉल करताना अख्खी डिस्क निवडली. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. कशाला हात लावायचा हे जितकं कळायला हवं, तितकंच कशाला लावायचा नाही हेही.

एक सूचना आधीच देतो: आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि लहान लिपीत टाकायच्या.

पहिलं काम, आत्ता लगेच: बायोसमध्ये जा आणि सेक्युअर बूट परत चालू करा. बाकी काहीही बदलू नका. तुमच्या लॅपटॉपच्या टीपीएम चिपमध्ये विंडोजची की ठेवलेली असते. मशीन नेहमीच्याच पद्धतीने सुरू होतंय याची खात्री पटली तरच ती चिप की बाहेर देते. सेक्युअर बूट बंद झालं की हिशोब जुळत नाही, चिप की देत नाही, आणि मग विंडोज तुमच्याकडे हाताने की मागतं. जुनी स्थिती परत आणली की बहुतेक वेळा ती निळी स्क्रीन आपोआप जाते. तिथेच शेजारी ‘क्लिअर टीपीएम’ असा पर्याय दिसेल. त्याला चुकूनही हात लावू नका. तो दाबला की चिपमधली की कायमची जाते आणि मग हाताने टाकायची की हाच एक रस्ता उरतो.

तरीही मागत राहिलं तर की शोधावी लागेल. ती ४८ आकडी असते, सहा-सहा आकड्यांचे ८ गट. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करतानाच डिस्क एन्क्रिप्ट होते आणि की त्या खात्यात जाऊन बसते. मालकाला पत्ताही नसतो. मोबाइलवरून त्या खात्यात जा, डिव्हाइसेसच्या यादीत आपला लॅपटॉप शोधा, तिथे की मिळेल. एकापेक्षा जास्त की दिसल्या तर निळ्या स्क्रीनवर ‘की आयडी’ म्हणून जी अक्षरं आहेत त्यांतली पहिली ८ जुळवून पाहा. आणि लॅपटॉप पहिल्यांदा कुणी चालू केला होता हे नीट आठवा. माझ्याकडे आलेल्या एका मशीनची की सापडेना. तीन दिवसांनी कळलं की घेतला त्या दिवशी मोठ्या भावाने स्वतःच्या खात्याने सुरू केला होता. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या ईमेलने लॉगिन केलं असेल तर की त्या संस्थेच्या खात्यात असू शकते, तिथल्या संगणक विभागाला विचारा.

समजा, की मिळालीच नाही. तर विंडोजच्या ड्राइव्हमधलं हाती लागणार नाही, हे स्पष्ट सांगतो. पण बिटलॉकर उबुंटूच्या पार्टिशनला हात लावत नाही. उबुंटू टाकताना तुम्ही स्वतःहून वेगळं एन्क्रिप्शन घेतलं नसेल, तर तुमचं प्रोजेक्ट लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून उबुंटू इन्स्टॉल न करता थेट चालतं तो) लावून आजही बाहेर काढता येईल. व्हायवापुरतं तरी तुम्ही सुरक्षित आहात.

आता मेनू का गेला ते बघू. त्यासाठी मशीन सुरू कसं होतं हे एकदा समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कुणाच्या सांगण्यावरून बायोसमध्ये जायची वेळ येणार नाही. बूट होणं म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे निरोप पोचवणं. बटण दाबलं की मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं (आपण अजूनही त्याला बायोसच म्हणतो, गेल्या दशकभरातल्या मशीनवर ते यूईएफआय असतं). त्याच्या स्वतःच्या स्मृतीत एक यादी असते: कुठल्या डिस्कवरची कुठली फाइल आधी उघडायची, ती नसेल तर कुठली. ती फाइल डिस्कच्या एका छोट्या पार्टिशनमध्ये असते, त्याला ईएसपी म्हणतात. विंडोजच्या एक्स्प्लोररमध्ये ते दिसत नाही, आकार साधारण १०० ते ३०० एमबी, फॉरमॅट फॅट३२. त्यात ईएफआय नावाचं फोल्डर आणि त्याच्या आत मायक्रोसॉफ्ट, उबुंटू आणि बूट अशी तीन फोल्डर. विंडोजची फाइल बूटएमजीएफडब्ल्यू.ईएफआय. उबुंटूच्या फोल्डरात शिमएक्स६४.ईएफआय आणि ग्रबएक्स६४.ईएफआय. शिम ही फाइल सेक्युअर बूटला आपली सही दाखवते आणि ग्रबला, म्हणजे निवडीचा मेनू दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, पुढे बोलावते. शेजारी ग्रब.सीएफजी असते, तीही जेमतेम तीन ओळींची: अमुक यूयूआयडीचं (म्हणजे ओळख क्रमांकाचं) पार्टिशन शोध, त्यातलं बूट/ग्रब फोल्डर आपलं घर मान, तिथली मोठी ग्रब.सीएफजी उघड. त्या मोठ्या फाइलीत तो मेनू असतो, जो तुम्हाला दिसेनासा झालाय. मेनूतून निवड झाली की कर्नल (लिनक्सचा गाभा), मग इनिटरॅमएफएस (सुरुवातीपुरती छोटी फाइलसिस्टिम), आणि त्यानंतर तुमचं खरं पार्टिशन.

एवढे हात आहेत. बिघाड म्हणजे त्यातल्या एकाने निरोप पुढे दिला नाही, आणि स्क्रीनवर काय दिसतंय त्यावरून तो कोण हे ओळखता येतं. काहीच न विचारता विंडोज उघडतंय याचा अर्थ निरोप पहिल्याच ठिकाणी, फर्मवेअरच्या यादीत, दुसरीकडे वळला. अपडेटने विंडोज बूट मॅनेजर यादीत वर आणून ठेवला, बाकी सगळं जागच्या जागी आहे.

हे तपासायला दोन मिनिटं लागतात. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चालू करताना बूट मेनूची कळ दाबत राहा. कंपनीनुसार ती एफ१२, एफ९, एफ८ किंवा एस्केप असते. यादीत ‘उबुंटू’ दिसलं तर ते निवडा. ग्रबचा मेनू उघडला तर आधी प्रोजेक्टची प्रत बाहेर घ्या आणि मगच पुढचं करा. मग टर्मिनल उघडून ‘सुडो एफिबूटएमजीआर’ टाका. ‘बूटऑर्डर’ अशी ओळ येईल, समजा ०००१, ०००३, २००१. खाली प्रत्येक आकड्यासमोर नाव असेल. विंडोज ०००१ आणि उबुंटू ०००३ असेल, तर ‘सुडो एफिबूटएमजीआर -ओ ०००३,०००१,२००१’ एवढंच करायचं. हेच काम बायोसच्या बूट पानावरही होतं, पण तिथे तुम्ही एकदा पोळला आहात, म्हणून टर्मिनल सुचवतोय.

इथे एक अडचण येऊ शकते. सेक्युअर बूट चालू ठेवून उबुंटू निवडल्यावर ‘व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड: सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असा संदेश येऊन मशीन बंद झालं, तर गोष्ट वेगळी आहे. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुन्या शिमच्या आवृत्त्या नाकारायचा नियम फर्मवेअरच्या स्मृतीत लिहिला आणि दोन सिस्टिमची कितीतरी मशीन त्यात अडकली. तसं झालं तर बिटलॉकरची की कागदावर लिहून हातात आहे याची खात्री करूनच सेक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, उबुंटू उघडा, ‘सुडो मॉकयुटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट’ टाका, एकदा रीस्टार्ट करून परत उबुंटूतच या, सगळी अपडेट घ्या म्हणजे शिम नवीन होईल, मग सेक्युअर बूट चालू करा.

काही लॅपटॉपचं फर्मवेअर मात्र हट्टी असतं. क्रम बदलला तरी पुढच्या वेळी विंडोज परत वर. अशा मशीनवर लोक विंडोजच्या बीसीडीएडिटने (बूट सेटिंग बदलणाऱ्या आज्ञेने) बूटएमजीआरचा, म्हणजे विंडोज बूट मॅनेजरचा, पत्ताच उबुंटूच्या शिमकडे वळवतात. चालतं ते, पण बिटलॉकर असलेल्या मशीनवर मी करत नाही. त्यापेक्षा बायोसमध्ये ‘कस्टमाइज्ड बूट’ किंवा ‘ट्रस्टेड फाइल’ असा पर्याय आहे का पाहतो, नाहीतर गिऱ्हाइकाला सांगतो की उबुंटू हवं तेव्हा बूट मेनूची कळ दाबा. दिवसाला एकदा कळ दाबणं परवडतं. बिटलॉकर असलेलं विंडोज ग्रबच्या मेनूतून उघडलं तरी काही मशीन की मागतात, हेही लक्षात ठेवा. तिथेही विंडोजसाठी फर्मवेअरचाच मेनू वापरायचा.

बूट मेनूत ‘उबुंटू’ हे नावच नसेल तर यादीतली नोंद पुसली गेली आहे किंवा ईएसपीतलं फोल्डर गेलंय. मग लाइव्ह पेनड्राइव्ह लागेल. मित्राच्या मशीनवर उबुंटूचा बूटेबल पेनड्राइव्ह बनवा, शक्यतो तुमच्या मशीनवर आहे त्याच आवृत्तीचा. बूट मेनूत त्याचं नाव कधी दोनदा दिसतं, एकदा ‘यूईएफआय’ शब्दासकट आणि एकदा नुसतं. यूईएफआय असलेलंच निवडा. आत आल्यावर ‘ट्राय उबुंटू’ घ्या, इन्स्टॉलला हात लावू नका. मग ‘एलएस /सिस/फर्मवेअर/ईएफआय’ टाकून पाहा. यादी आली तर बरोबर मोडमध्ये आहात. ‘नो सच फाइल’ आलं तर पेनड्राइव्ह जुन्या लेगसी मोडने (यूईएफआयच्या आधीच्या बायोस पद्धतीने) उघडलाय, तिथून केलेली दुरुस्ती तुमच्या मशीनला लागूच पडणार नाही. दुपारभर डोकं खपवून ‘काहीच फरक पडत नाही’ म्हणत माझ्याकडे येणाऱ्यांची चूक बहुधा याच ठिकाणी झालेली असते.

दुरुस्तीच्या आधी डिस्क धडधाकट आहे का बघा. ‘स्मार्टसीटीएल -ए’ आणि पुढे डिस्कचं नाव. एनव्हीएमई एसएसडीत ‘क्रिटिकल वॉर्निंग’ शून्याशिवाय काही असेल किंवा ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ वाढत असतील, तर बूट दुरुस्त करत बसू नका, आधी डेटा काढा. जुन्या हार्डडिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर एकदाही जास्तीचं चालू-बंद करू नका.

आता ‘एलएसबीएलके -एफ’ टाका, आणि आकार बघायला नुसतं ‘एलएसबीएलके’ही. तुमच्यासारख्या लॅपटॉपवर साधारण असं चित्र दिसतं. एसडीए हा तुमचा पेनड्राइव्ह. एनव्हीएमई०एन१ ही एसएसडी आणि तिच्याखाली: पी१, व्हीफॅट, २६० एमबी, हा ईएसपी. पी२, १६ एमबी, समोर काहीच लिहिलेलं नाही; तो विंडोजचा राखीव तुकडा आहे, रिकामा समजून उडवू नका. पी३, ‘बिटलॉकर’ असं लिहिलेलं, मोठं. पी४, एनटीएफएस, हजारेक एमबी, विंडोजची रिकव्हरी. पी५, ईएक्सटी४, हे तुमचं उबुंटू. तुमच्याकडे आकडे वेगळे असतील, म्हणून कुणाच्याही सूचनेतला आकडा तसाच उतरवू नका, माझ्यासुद्धा. फॉरमॅट आणि आकार यावरून ओळख पटवा. प्रत्येक पार्टिशन काय आहे हे वहीत लिहून होईपर्यंत मी पुढची आज्ञा टाकत नाही, इतक्या वर्षांनंतरही.

फाइल मॅनेजरमध्ये पी५ नुसतं उघडता आलं, होम फोल्डर दिसलं, की तिथेच थांबून प्रोजेक्ट दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या. मग दुरुस्ती. पी५ ला /एमएनटी वर माउंट करा (म्हणजे त्या फोल्डरला जोडा), ईएसपीला /एमएनटी/बूट/ईएफआय वर. देव, प्रॉक, सिस आणि रन ही चार फोल्डर बाइंड करून आत आणा. सिससाठी साधं ‘बाइंड’ न वापरता ‘आरबाइंड’ वापरा, कारण त्याच्या पोटातलं ईएफआयव्हार्स साध्या बाइंडने आत येत नाही आणि मग ग्रब-इन्स्टॉल फर्मवेअरच्या यादीत लिहिताच येत नाही म्हणून तक्रार करतं. मग ‘सुडो सीएचरूट /एमएनटी’. आता तुम्ही पेनड्राइव्हवरून आलात तरी तुमच्याच उबुंटूच्या आत उभे आहात. इथे ‘ग्रब-इन्स्टॉल’ आणि त्यानंतर ‘अपडेट-ग्रब’. पहिलं ईएसपीत फायली परत ठेवतं आणि फर्मवेअरच्या यादीत नोंद करतं, दुसरं मेनू नव्याने लिहितं. शेवटी ‘इन्स्टॉलेशन फिनिश्ड. नो एरर रिपोर्टेड.’ दिसलं पाहिजे. एक्झिट, रीस्टार्ट.

मेनू आला पण त्यात विंडोज नाही, असं झालं तर घाबरू नका. ग्रब २.०६ पासून दुसरी सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद असतो. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलीत ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ अशी ओळ घालून (ग्रबचे सगळे शब्द मोठ्या लिपीत, फॉल्स लहान) परत अपडेट-ग्रब करा.

हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत बऱ्याच जणांना पडतो, म्हणून तुमच्याशी थेट संबंध नसलेलं थोडंसं.

काळ्या स्क्रीनवर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढंच दिसलं की लोकांचा धीर सुटतो. खरं तर ग्रब जागा असतो, त्याला फक्त त्याचं घर सापडत नसतं. एका शिक्षकांचं जुनं डेस्कटॉप आलं होतं, लेगसी पद्धतीचं. जागा हवी म्हणून त्यांनी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून एक रिकामं पार्टिशन उडवलं होतं. एमबीआर या जुन्या पार्टिशन पद्धतीत लॉजिकल पार्टिशनांना ५ पासून आकडे असतात आणि मधलं एक गेलं की पुढच्यांचे आकडे एकेकाने मागे येतात. लिनक्स ६ वर होतं ते ५ वर आलं, आणि ग्रब ६ वर जाऊन दार ठोठावत होता. ‘एलएस’ टाकलं, पार्टिशनांची यादी आली. एकेकाला विचारत गेलो: ‘एलएस (एचडी०,एमएसडॉस१)/’, उत्तर ‘अननोन फाइलसिस्टिम’. पुढचं, तेच. एमएसडॉस५ ला विचारल्यावर बूट, ईटीसी, होम अशी नावं ओळीने आली. मास्तर खुर्ची पुढे ओढून बसले. मग चार ओळी: ‘सेट रूट=(एचडी०,एमएसडॉस५)’, ‘सेट प्रिफिक्स=(एचडी०,एमएसडॉस५)/बूट/ग्रब’, ‘इन्समॉड नॉर्मल’, ‘नॉर्मल’. मेनू उघडला. हे त्या एका वेळेपुरतंच असतं, म्हणून आत गेल्यावर ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब केलंच पाहिजे. लेगसीत ग्रब-इन्स्टॉलपुढे अख्ख्या डिस्कचं नाव द्यायचं, पार्टिशनचा आकडा न लावता.

जुन्या मशीनवर मदरबोर्डचा सेल संपल्यानेही हेच होतं, आणि ते सगळ्यात शेवटी सुचतं. सीआर२०३२ हा गोल सेल. तो गेला की वीज बंद होताच बायोस आपल्या मूळ सेटिंगवर जातो. मशीन यूईएफआयवर असेल तर लेगसीवर, किंवा उलट. मग ‘नो बूटेबल डिव्हाइस’. एका बाईंना कुणीतरी हार्डडिस्क गेली म्हणून सांगितलं होतं आणि त्या नवीन डिस्कचे पैसे घेऊन आल्या होत्या. बायोसमधली तारीख बारा वर्षं मागची होती. सेल बदलला, बूट मोड परत यूईएफआय केला, दोन्ही सिस्टिम उघडल्या. मात्र दोन्हीत घड्याळ बरोबर ५ तास ३० मिनिटांनीच चुकत असेल तर सेलचा दोष नाही; विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ धरतं आणि लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ टाकलं की दोघांचं जमतं.

दोन डिस्क असलेल्या मशीनमध्ये लिनक्स दुसऱ्या डिस्कवर टाकलं तरी बूटलोडर पहिल्या डिस्कच्या ईएसपीत जाऊन बसलेला मी कितीदा तरी पाहिलाय. पहिली डिस्क बदलली की दुसरीवरचं लिनक्स मुकं होतं. डिस्क काढण्याआधी ‘फाइंडएमएनटी /बूट/ईएफआय’ टाकून ईएसपी कुठल्या डिस्कवर आहे ते पाहत जा.

उलटं झालं, म्हणजे लिनक्स चालतंय आणि विंडोज उघडत नाही, तर विंडोजचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह लावून ‘रिपेअर’मधून कमांड प्रॉम्प्ट उघडा. जुन्या सवयीने लोक आधी ‘बूटरेक /फिक्सएमबीआर’ मारतात. ते लेगसी मशीनचं औषध. तिथेही ते डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमधल्या बूट कोडवर विंडोजचा कोड लिहितं आणि ग्रब पुसतं. यूईएफआयवर त्याचा उपयोग नाही, आणि ‘/फिक्सबूट’ला बहुधा ‘ॲक्सेस इज डिनाइड’ असं उत्तर येतं. योग्य रस्ता असा: डिस्कपार्टमध्ये ‘लिस्ट व्हॉल्यूम’, फॅट३२ चा छोटा व्हॉल्यूम निवडा, ‘असाइन लेटर=एस’, एक्झिट. मग ‘बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय’. विंडोजचं अक्षर तिथे सी नसेलही, आधी पाहून घ्या. डिस्कपार्टमध्ये ‘क्लीन’ हा शब्द टाइप करायचा नाही, कुणीही सांगितलं तरी.

बायोसमध्ये डिस्कचा मोड (मशीन डिस्कशी कशा पद्धतीने बोलतं ते) आरएआयडी किंवा व्हीएमडीवरून एएचसीआय केल्याने विंडोज ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत असेल, तर आधी मोड जुन्यावर न्या, विंडोज उघडेल. बदलायचाच असेल तर बीसीडीएडिटने सेफ मोड लावून, मग मोड बदलून, एकदा सेफ मोडमध्ये उघडून, मग सेफ मोड काढायचा. हा क्रम चुकवू नका.

लिनक्स सुरू होताना बरोबर दीड मिनिट अडून बसत असेल आणि ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ दाखवत असेल, तर /ईटीसी/एफएसटॅबमध्ये आता अस्तित्वात नसलेल्या पार्टिशनची ओळ आहे, बहुधा जुन्या स्वॅपची. ती ओळ बंद करा. ‘इनिटरॅमएफएस’ असा प्रॉम्प्ट आला तर वरच्या ओळीत कुठलं पार्टिशन तपासायला सांगतंय ते वाचा आणि त्यावर ‘एफएससीके -वाय’ चालवा. डिस्क धडधाकट असेल तरच.

आता तुमच्याकडे परत येतो. सगळं सुरू झाल्यावर विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ ही एक आज्ञा पुरते. ते चालू असलं की शट डाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेलं असतं. तशा अवस्थेत लिनक्समधून एनटीएफएस ड्राइव्ह नुसता वाचायला मिळतो किंवा उघडतच नाही, आणि जबरदस्तीने लिहिलं तर फायली बिघडतात. पुढच्या वेळी बायोसमध्ये काही बदलायचं असेल किंवा बायोस अपडेट करायचं असेल, तर त्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा. आणि रिकव्हरी की कागदावर लिहून घरी ठेवा. तिचा फोटो त्याच लॅपटॉपमध्ये ठेवला तर हवा तेव्हा सापडणार नाही.

आज रात्री एवढं करा: सेक्युअर बूट चालू, की शोधून वहीत, बूट मेनूतून उबुंटू उघडतंय का बघा, उघडलं की प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर. मेनूचा क्रम व्हायवा झाल्यावर लावला तरी चालेल. अडलं तर ‘एफिबूटएमजीआर -व्ही’ आणि ‘एलएसबीएलके -एफ’ या दोन आज्ञांना आलेलं उत्तर मोबाइलने फोटो काढून पाठवा. स्क्रीनचे चारही कोपरे फोटोत आले पाहिजेत, कारण मला हवा असलेला यूयूआयडी नेमका उजव्या कडेला कापला जातो.